जुने विजेचे घड्याळ घरी लावताना: जोडणी, टांगणी आणि तारेतून येणारी वेळ

पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात किंवा बंद पडलेल्या एखाद्या गिरणीच्या भंगारात कधी कधी असे भिंतीवरचे घड्याळ सापडते, की ज्याला किल्ली देण्याचे भोक नसते, लंबक नसतो आणि सेल बसवण्याची जागाही नसते. मागून फक्त कापडी वेष्टणाच्या दोन वायरी लोंबत असतात. ते घरी आणणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो, की या वायरींना प्लग कोणता लावायचा. त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न असा, की हे घड्याळ वेळ कुठून घेते. त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय त्या दोन वायरी कशालाही जोडू नयेत, कारण बाहेरून सारखी दिसणारी ही घड्याळे आतून तीन अगदी वेगळ्या तत्त्वांवर चालतात आणि एकाला योग्य असलेली जोडणी दुसऱ्याची कॉइल क्षणात जाळून टाकते.

पहिल्या प्रकारचे घड्याळ थेट घरातल्या विजेवर चालते आणि वीजपुरवठ्याच्या वारंवारतेवरून वेळ मोजते. त्याला सिंक्रोनस घड्याळ म्हणतात, आणि घरासाठी बनवलेली बहुतेक जुनी विजेची घड्याळे याच जातीची असतात. दुसऱ्या प्रकारचे घड्याळ हे रेल्वे स्थानक, कारखाना, शाळा किंवा कचेरीतल्या एखाद्या मुख्य घड्याळाचे दुय्यम घड्याळ असते. मुख्य घड्याळाने दर मिनिटाला किंवा अर्ध्या मिनिटाला पाठवलेला विजेचा छोटा झटका मिळाला, की त्याचा काटा एक पाऊल पुढे सरकतो. तिसऱ्या प्रकारात घड्याळाला स्वतःचा लंबक किंवा बॅलन्स चक्र असते आणि वीज फक्त त्याला हलके ढकलत राहते. फ्रान्समधली बुल ही लंबकाची घड्याळे या जातीची असून ती दीड व्होल्टच्या सेलवर चालतात. घरातल्या विजेशी त्यांचा संबंधच येत नसल्यामुळे त्यांना येथेच बाजूला ठेवतो. या लेखाचा मोठा भाग पहिल्या प्रकाराविषयी आहे.

सिंक्रोनस घड्याळाच्या आत काय असते

आपल्या घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते, म्हणजे तिची दिशा सतत उलटसुलट होत असते. भारतात असे पूर्ण आवर्तन सेकंदाला ५० वेळा होते. ही झाली ५० हर्ट्झ वारंवारता. सिंक्रोनस घड्याळात पातळ लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर केसासारख्या बारीक तारेची एक कॉइल गुंडाळलेली असते आणि तिच्या चुंबकीय क्षेत्रात एक छोटा रोटर फिरतो. हा रोटर विजेच्या आवर्तनांशी जखडलेला असतो. त्याचा मिनिटाचा वेग काढायचा असेल तर वारंवारतेला १२० ने गुणून चुंबकीय ध्रुवांच्या संख्येने भागावे. दोन ध्रुव असतील तर ५० हर्ट्झवर मिनिटाला ३००० फेरे होतात आणि तीस ध्रुव असतील तर २००. पुढे दातेरी चाकांची साखळी हा वेग कमी करत करत सेकंद, मिनिट आणि तासाच्या काट्यांपर्यंत नेते. यापलीकडे आत काहीही नाही. वेळ मोजणारा लंबक नाही, केसस्प्रिंग नाही, क्वार्ट्झचा स्फटिक नाही.

याचा अर्थ नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातले टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेते. कोयनेचे जलविद्युत जनित्र जास्त ध्रुवांचे असल्याने त्याहून बरेच सावकाश फिरते. पण ही सगळी यंत्रे एकाच जाळ्याला जोडलेली असल्यामुळे एकाच तालात फिरतात, आणि दिवाणखान्यातल्या घड्याळाचा इवलासा रोटरही त्याच तालात फिरतो. अशा घड्याळाला प्लग जोडताना आपण त्याला केवळ ऊर्जा देत नसतो, तर वेळसुद्धा देत असतो.

ही कल्पना व्यवहारात आणण्याचे श्रेय मुख्यतः अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील अॅशलंडच्या हेन्री वॉरेन या अभियंत्याकडे जाते. स्वतःहून सुरू होणारी छोटी सिंक्रोनस मोटर त्याने बनवली, परंतु त्या काळी वीजकेंद्रांची वारंवारता इतकी ढळत असे, की त्या मोटरवरची घड्याळे बरोबर वेळ दाखवू शकत नसत. म्हणून त्याने वीजकेंद्रासाठी एक मुख्य घड्याळ तयार केले. त्यातला एक काटा अचूक लंबकावर चालायचा आणि दुसरा त्या केंद्राच्याच विजेवर. दोन्ही काटे बरोबर राहतील अशा बेताने जनित्रांचा वेग राखणे हे तिथल्या कर्मचाऱ्यांचे काम होते. १९१६ च्या ऑक्टोबरमध्ये असे पहिले घड्याळ बोस्टनच्या एडिसन कंपनीच्या केंद्रात बसले, आणि घरातले घड्याळ वीजकंपनीने सांभाळायचे ही रीत तिथून सुरू झाली. वॉरेनची घड्याळे टेलिक्रॉन या नावाने विकली गेली. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय वीजजाळे ५० हर्ट्झवर उभे राहिल्यावर १९३० च्या दशकात स्मिथ्स कंपनीची सेक्ट्रिक घड्याळे घरोघर पोहोचली.

आपल्याकडची वारंवारता किती भरवशाची

घड्याळ लावण्यापूर्वी त्याच्याकडून किती अचूकतेची अपेक्षा धरावी हे ठरवायला हवे. वीजजाळ्यात मागणी निर्मितीपेक्षा वाढली, की सगळी जनित्रे किंचित मंदावतात आणि वारंवारता उतरते; मागणी घटली की ती चढते. महाराष्ट्रात हा तोल ऐरोलीचे राज्य भार प्रेषण केंद्र पाहते, त्याच्यावर अंधेरीचे पश्चिम विभागीय केंद्र आणि त्याच्यावर दिल्लीचे राष्ट्रीय केंद्र असते. आजच्या नियमांनुसार वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राहणे अपेक्षित आहे. ती दिवसभर खालच्या टोकाला, म्हणजे ४९.९० वर राहिली असे धरले, तर घड्याळ चोवीस तासांत सुमारे २ मिनिटे ५३ सेकंद मागे पडेल, सतत ५०.०५ वर राहिली तर सुमारे ८६ सेकंद पुढे जाईल. प्रत्यक्षात ती वरखाली होत राहते आणि पुष्कळसा फरक आपोआप मिटतो, पण दिवसाची सरासरी ४९.९८ आली तरी सुमारे ३५ सेकंदांची घट राहतेच. आठवड्या-पंधरवड्याला काटा जुळवावा लागणे हा आपल्याकडे दोष समजू नये.

पूर्वीची स्थिती याहून फार वाईट होती. १९९० च्या दशकात देशातले विभागीय वीजजाळे वेगवेगळे होते आणि ऐन मागणीच्या वेळी वारंवारता ४९ हर्ट्झच्याही खाली जाणे नित्याचे होते. ४८.५ हर्ट्झवर दिवसभर चाललेले घड्याळ ४३ मिनिटे मागे पडते. जुलै २००२ पासून पश्चिम विभागात वारंवारतेशी निगडित दररचना लागू झाली, तेव्हा शिस्त येऊ लागली. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळेही जोडले गेले आणि सगळा देश एका वारंवारतेवर आला. जितके जाळे मोठे, तितका एखाद्या धक्क्याचा परिणाम कमी. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घराघरांतले दिवे बंद ठेवण्यात आले, तेव्हा वारंवारता ४९.७० ते ५०.२६ या दरम्यान हलली. ती नऊ मिनिटे सतत ५०.२६ वर राहिली असती, तरी सिंक्रोनस घड्याळ तीन सेकंदही पुढे गेले नसते. छोटा पण दीर्घकाळ टिकणारा फरक मात्र साठत जातो. २०१८ च्या सुरुवातीला कोसोवो आणि सर्बिया यांच्यातल्या वादामुळे युरोपच्या जाळ्यात काही आठवडे वीज थोडी कमी पडत राहिली, आणि पंचवीस देशांतली ओव्हनवरची व उशाशी असलेली विजेची घड्याळे जवळपास सहा मिनिटे मागे पडली.

मागची पट्टी वाचा

घड्याळाच्या पाठीवर किंवा आतल्या यंत्रावर एक धातूची पट्टी किंवा कोरलेला मजकूर असतो. त्यावर व्होल्टेज आणि वारंवारता असे दोन आकडे पाहावेत. जुन्या ब्रिटिश घड्याळांवर २०० ते २५० व्होल्ट आणि ५० असे असते. वारंवारतेपुढे कधी सायकल असे लिहिलेले असते, तर कधी नुसती एक नागमोडी रेघ असते. असे घड्याळ आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर काहीही न बदलता चालते, म्हणून प्रथमच या नादाला लागणाऱ्याने ब्रिटिश घड्याळच घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन.

अमेरिकन घड्याळावर साधारण ११० ते १२० व्होल्ट आणि ६० असते. न्यू जर्सीहून किंवा कॅलिफोर्नियाहून परतणाऱ्या नातेवाइकांनी हौसेने आणलेले टेलिक्रॉन येथे थेट जोडले, तर त्याची कॉइल जळते. मग दुकानदार २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर देतो, आणि घड्याळ चालू लागते. पण ते तासाला दहा मिनिटे मागे पडते, म्हणजे पूर्ण दिवसात चार तास. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता बदलत नाही, आणि घड्याळ वेळ मोजते ते वारंवारतेवरून. हा नियम घरातच तपासून पाहता येतो: मायक्रोवेव्हमधली काचेची थाळी फिरवणाऱ्या छोट्या मोटरवर बहुधा ५/६ असा वेग छापलेला असतो, त्याचा अर्थ ५० हर्ट्झवर मिनिटाला पाच फेरे आणि ६० वर सहा. शिवाय ६० हर्ट्झसाठी बनवलेली कॉइल ५० हर्ट्झवर त्याच व्होल्टेजला अधिक प्रवाह घेते आणि जास्त तापते, हा वेगळाच धोका.

अमेरिकन घड्याळ येथे बरोबर चालवण्याचा चांगला मार्ग म्हणजे स्फटिकावर ६० हर्ट्झ नेमके निर्माण करून १२० व्होल्टची शुद्ध साइन लहर देणारा छोटा इन्व्हर्टर. घड्याळाला दोन-चार वॉटच लागत असल्यामुळे असा संच फार मोठा असावा लागत नाही, आणि त्याला बॅटरी जोडली तर ते घड्याळ वीज गेल्यावरही थांबत नाही. पण मग त्याची वेळ जाळ्यातून न येता त्या स्फटिकातून येते, एवढे मान्य असले पाहिजे.

वीज देण्याआधीची तपासणी

सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या वायरीवर रबराचे आवरण आणि त्यावर सुती जाळी असते. रबर काळाने कडक होते आणि वाकवताच तुकडे होऊन गळते, तरी बाहेरची सुती जाळी मात्र शाबूत दिसते. या जाळीच्या देखणेपणाला भुलू नये. जुनी वायर बदलायचीच, हा नियम अपवादाशिवाय पाळावा. जुन्या वळणाची कापडी वेष्टणाची नवी वायर मिळते, तिच्या आत आधुनिक पीव्हीसी आवरण असते आणि रूपही टिकते.

घड्याळ उघडताना तबकडीकडे पाहावे. अंक आणि काटे यांवर फिकट पिवळसर किंवा तपकिरी झालेला, पूर्वी अंधारात चमकणारा रंग असेल, तर तो रेडियमयुक्त असण्याची शक्यता धरावी. चमक गेली म्हणजे किरणोत्सार गेला असे होत नाही. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे आणि थकतो तो केवळ चमकणारा घटक. असा रंग खरवडू नये, घासू नये, त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नये. तो उडत असेल तर ते घड्याळ घरात उघडण्याचा विचारच सोडावा.

त्यानंतर मल्टिमीटर. कॉइलच्या दोन टोकांमधला रोध मोजावा. २३० व्होल्टच्या कॉइलचा रोध सहसा काही हजार ओहम असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर तार आत कुठेतरी तुटली आहे. येथे एक सावधगिरी हवी. केवळ रोधावरून घड्याळाची जात ठरवू नये, कारण २४ व्होल्टच्या दुय्यम घड्याळाचा रोधही काही हजार ओहम असू शकतो. जात ठरवायची ती यंत्र पाहून. दर झटक्याला एक दात पुढे ढकलणारे करवती दातांचे चाक आणि त्याला अडकणारी खिटी दिसली तर ते दुय्यम घड्याळ. एक कॉइल, पत्र्यांचा गाभा आणि मोकळा किंवा डबीत बंद असलेला रोटर दिसला तर सिंक्रोनस.

मग इन्सुलेशनची कसोटी. दोन्ही वायरी एकत्र जोडून त्या आणि घड्याळाची धातूची चौकट यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र, लावावा. तो कोणत्याही बऱ्या वायरमनकडे असतो. निरोगी कॉइल दहा-वीस मेगाओहम किंवा त्याहून अधिक दाखवते. २ मेगाओहमच्या खाली वाचन आले तर घड्याळ जोडू नये. कोकणात किंवा पावसाळ्यात कॉइलने ओल धरलेली असते, अशा वेळी ती काही दिवस कोरड्या, उबदार जागी ठेवून पुन्हा मोजावी. पुष्कळदा वाचन सुधारते.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज लॅम्प वापरावा. वायरमन मंडळी ही जुनी युक्ती रोज वापरतात: २५ वॉटचा तारेचा बल्ब घड्याळाच्या फेजमध्ये एकापुढे एक असा जोडायचा. घड्याळ ठीक असेल तर त्याला लागणारा प्रवाह इतका कमी असतो, की बल्ब पेटत नाही आणि घड्याळ चालू लागते. कॉइल शॉर्ट असेल तर बल्ब उजळतो, आणि सगळी ऊर्जा त्यात खर्च होऊन घड्याळ वाचते. यासाठी एलईडीचा दिवा चालत नाही.

जोडणी

अशा घड्याळाला दोन ते चार वॉट लागतात, म्हणजे वर्षाला फार तर पस्तीस युनिट. प्रवाह वीस-तीस मिलिअँपिअरच्या आसपास असतो. धोका या छोट्या आकड्यातच दडलेला आहे. घरातल्या बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, ६ अँपिअरचा असतो, म्हणजे घड्याळाच्या गरजेच्या दोनशे-तीनशे पट. जुन्या कॉइलचे काही वेढे आतल्या आत शॉर्ट होऊन ती अर्धा अँपिअर घेऊ लागली, तर लाकडी पेटीत शंभर वॉटच्या जवळपास उष्णता निर्माण होऊ शकते आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण तो भिंतीतल्या वायरिंगच्या रक्षणासाठी बसवलेला असतो. ब्रिटिश प्लगमध्ये फ्यूज असतो. आपल्या गोल पिनांच्या प्लगमध्ये तो नसतो. म्हणून घड्याळाच्या फेजच्या वायरीत १०० ते २५० मिलिअँपिअरचा काचेचा फ्यूज होल्डरमध्ये घालून स्वतंत्र बसवावा. या लेखातली एकच गोष्ट कोणी अमलात आणणार असेल, तर ती ही असावी.

वायर तीन पदरांची, ०.७५ चौरस मिलिमीटरची, आयएसआय खुणेची घ्यावी. जुन्या घड्याळात बहुधा दोनच वायरी असतात आणि अर्थिंग नसते. पेटी किंवा कड धातूची असेल तर ते जोडणे अनिवार्य समजावे. बेकेलाइटच्या पेटीतही काटे जुळवण्याच्या खुंट्याचा दांडा धातूचा असतो आणि तो आतल्या चौकटीला भिडलेला असतो, म्हणून चौकटीला अर्थिंग द्यावे. चौकटीवरचा एखादा मूळ स्क्रू निवडून त्याखालचा रंग खरवडावा, वायरीच्या टोकाला गोल लग दाबून बसवावा आणि स्क्रू घट्ट आवळावा. रंगावरच आवळलेली अर्थिंगची वायर असून नसल्यासारखी असते. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर उत्तमच. फ्यूज घड्याळाला आगीपासून वाचवतो, आरसीसीबी माणसाला धक्क्यापासून, आणि एकाचे काम दुसरा करत नाही.

वायरींच्या रंगांचा गोंधळ येथे हमखास होतो. आपल्या घरातल्या वायरिंगमध्ये फेज सहसा लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी आणि अर्थिंग हिरवी असते. पण परदेशी धाटणीच्या तयार कॉर्डमध्ये फेज तपकिरी, न्यूट्रल निळी आणि अर्थिंग हिरवी-पिवळी असते. म्हणजे निळा रंग एका ठिकाणी फेज असू शकतो आणि दुसऱ्या ठिकाणी न्यूट्रल. सिंक्रोनस मोटर दोन्ही बाजूंनी जोडली तरी सारखीच फिरते, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. फ्यूज मात्र न्यूट्रलमध्ये गेला तर तो उडाल्यावरही कॉइलमध्ये वीज राहते. रंगावर विसंबू नये, टेस्टरने खात्री करावी.

कॉइलच्या टोकाच्या तारा अतिशय नाजूक असतात. नवी वायर कधीही थेट त्यांना डाखू नये. मूळ यंत्रात जिथे पितळी टॅग आहेत तिथेच डाख द्यावा, सांध्यावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी, आणि पेटीतून बाहेर पडताना वायरीला रबरी ग्रोमेट व क्लिप द्यावी, म्हणजे कोणी वायर ओढली तरी ताण कॉइलपर्यंत पोहोचत नाही. भिंतीतून नवीन पॉइंट काढायचा असेल तर ते काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

भिंतीवर

लंबकाचे घड्याळ ओळंब्यात नसेल तर त्याची टिकटिक लंगडी होते; सिंक्रोनस घड्याळाला ती अट नाही, ते केवळ डोळ्यांना सरळ दिसले म्हणजे पुरे. खरा प्रश्न वायर लपवण्याचा असतो. ब्रिटनमध्ये यासाठी फ्यूज असलेली छोटी, भिंतीत बसणारी घड्याळाची जोडणी मिळत असे, आणि अमेरिकेत खोलगट सॉकेटलाच घड्याळ अडकवण्याचा आकडा असे. आपल्याकडे तसे काही सहज मिळत नाही. घड्याळाच्या मागे ६ अँपिअरचा सॉकेट भिंतीत खोल बसवून घेणे हा नीटनेटका उपाय, पण प्लगची डोकी बाहेर येतात आणि घड्याळ भिंतीपासून सुटते, म्हणून पेटीची खोली आधी मोजावी. जुन्या वाड्यात किंवा भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नसेल, तर सरळ उभी केसिंग पट्टी चांगली दिसते. स्विच असलेला सॉकेट हाताच्या उंचीवर ठेवला, तर घरातले कोणी ना कोणी सवयीने तो बंद करते.

भोक पाडण्यापूर्वी भिंतीत काय दडले आहे याचा अंदाज घ्यावा. पाइप बहुधा स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा आडव्या रेषेत गेलेले असतात. त्या रेषा टाळाव्यात आणि ड्रिल करताना मेन स्विच बंद करून बॅटरीवरचे ड्रिल वापरावे. काँक्रीटमध्ये हॅमर ड्रिल आणि ८ मिलिमीटरचा रॉल प्लग पुरतो. चुन्याच्या गिलाव्याच्या जुन्या भिंतीत मात्र रॉल प्लग नुसत्या गिलाव्यात धरत नाही. स्क्रू विटेपर्यंत पोहोचेल इतका लांब घ्यावा लागतो. नव्या इमारतींतल्या हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या एएसी ब्लॉकसाठी त्याच कामाचे वेगळे फास्टनर मिळतात. घड्याळाचे वजन काट्यावर करून पाहावे आणि त्याच्या कितीतरी पट भार पेलेल अशी पकड निवडावी. पावसाळ्यात ओलावणारी बाहेरची भिंत, गॅसच्या शेगडीच्या वरची जागा आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळावी. पेटी भिंतीला अगदी चिकटू नये म्हणून खालच्या बाजूला दोन छोट्या रबरी गाद्या लावाव्यात. कॉइल नेहमीच कोमट असते आणि मागून हवा खेळती राहायला हवी.

सुरू करणे आणि थांबणे

काही सिंक्रोनस घड्याळे स्वतःहून सुरू होतात, काहींना मागचा खुंटा फिरवून चालना द्यावी लागते. स्वतःहून सुरू न होणे ही उणीव नाही. वीज जाऊन आल्यावर आपोआप चालू लागलेले घड्याळ बिनदिक्कत चुकीची वेळ दाखवत राहते, तर थांबलेले घड्याळ काहीतरी घडले हे सांगते. वॉरेनच्या स्वयंचलित घड्याळांत हीच सोय म्हणून वीज गेल्यावर तबकडीवर लाल ठिपका दिसत असे. खुंटा फिरवताना बाणाची दिशा पाहावी, कारण काही घड्याळे उलटी चालना दिली तर उलटी धावतात.

इन्व्हर्टर असलेल्या घरात घड्याळाचा सॉकेट कोणत्या सर्किटवर आहे हे पाहावे. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर कॉइल गुणगुणते आणि अधिक तापते. साइन वेव्हवर ती शांत राहते, पण तेवढा वेळ घड्याळ इन्व्हर्टरच्या स्वतःच्या वारंवारतेवर चालते आणि ती नेमकी ५० असेलच असे नाही. भारनियमन वारंवार होणाऱ्या गावात स्वयंचलित घड्याळ आणि साइन वेव्ह इन्व्हर्टर हीच जोडी सोयीची.

दुय्यम घड्याळ मिळाले असेल तर

स्थानकांतली आणि कारखान्यांतली मोठ्या तबकडीची घड्याळे बहुधा दुय्यम असतात, आणि त्यांना २३० व्होल्ट कधीही देऊ नये. ब्रिटिश पद्धतीत, म्हणजे सिंक्रोनोम किंवा लेस्टरच्या जेंट्स कंपनीच्या घड्याळांत, सगळी दुय्यम घड्याळे एकाच वायरीत एकापुढे एक जोडलेली असत आणि दर अर्ध्या मिनिटाला त्यांतून ठरावीक प्रवाहाचा झटका जाई. म्हणून त्यांच्याबाबत व्होल्टपेक्षा अँपिअरचा आकडा महत्त्वाचा असतो. जर्मन पद्धतीत ती समांतर जोडलेली, सहसा २४ व्होल्टची, आणि दर मिनिटाला झटक्याची दिशा उलटी व्हावी लागते. अशा घड्याळाला २४ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवली की काटा एक मिनिट पुढे जातो. पुन्हा तशीच टेकवली तर हलत नाही. टोके उलटी करून टेकवली की पुढचे मिनिट जाते. यावरून जात ओळखता येते. स्वित्झर्लंडच्या रेल्वेचे प्रसिद्ध घड्याळ, ज्याचे रूप हान्स हिल्फिकर याने १९४४ मध्ये ठरवले, दोन्ही प्रकार एकत्र आणते: त्याचा लाल सेकंद काटा सिंक्रोनस मोटरवर सुमारे साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पूर्ण करून वर थांबतो आणि मुख्य घड्याळाच्या मिनिटाच्या झटक्याची वाट पाहतो. घरी असे दुय्यम घड्याळ चालवायचे तर क्वार्ट्झवर झटके देणारा छोटा सर्किट बोर्ड पेटीच्या आत सहज मावतो आणि मूळ यंत्राला हातही लावावा लागत नाही.

बाजारात पुष्कळ जण सुचवतात, की हे सगळे काढून टाका आणि पन्नास-शंभर रुपयांचे क्वार्ट्झ मशीन बसवा. घड्याळ त्याने चालेल, पण मग भिंतीवर उरते ते जुनी तबकडी लावलेले नवे घड्याळ. कॉइल खरोखरच जळलेली असेल आणि ती पुन्हा गुंडाळून देणारा कारागीर मिळत नसेल, तरच हा मार्ग घ्यावा, आणि तेव्हाही मूळ यंत्र, स्क्रूसकट, त्याच पेटीबरोबर जपून ठेवावे. कारण मोटरची कॉइल गुंडाळणारे कारागीर अजून गावोगाव आहेत आणि त्यांतल्या बारीक तारेचे काम करणाऱ्याला गाठता आले तर घड्याळाची कॉइलही पुन्हा गुंडाळता येते.

पहिल्या दिवशी घड्याळ लावून झाल्यावर दर दोन-तीन तासांनी पेटीला हात लावून पाहावा. कोमटपणा चालेल, चटका बसू नये, आणि जळकट वास आला तर लगेच प्लग काढावा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी अचूक वेळेशी फरक मोजावा. तो तीन मिनिटांपेक्षा जास्त असेल तर जाळ्याला बोल न लावता रोटरचे सुकलेले तेल किंवा घासणारा काटा तपासावा. शेवटी एका कागदावर व्होल्टेज, वारंवारता, फ्यूजचा आकडा, मेगरचे वाचन आणि जोडणीची तारीख लिहून तो कागद पेटीच्या आत, कॉइलपासून दूर, चिकटवून ठेवावा.